वीसपैकी सतरा

संपादकांनी 'प्राध्यापकी जीवनातील हृद्य आठवणी' मागितल्या आहेत आणि सोबत शब्दमर्यादाही कळवली आहे. हृद्य आठवणींची खात्री देत नाही, शब्दमर्यादा मात्र पाळीन. इतरांच्या निबंधांतली जास्तीची पाने काट मारून टाकण्यात जिचे आयुष्य गेले, तिला एवढे तरी जमले पाहिजे.

मी पुण्यातल्या एका मध्यम कॉलेजात, म्हणजे ज्याचे नाव सांगितल्यावर लोक 'अच्छा' म्हणून विषय बदलतात अशा कॉलेजात, वाणिज्य शाखेच्या मुलांना लेखनकौशल्य शिकवत असे. हा विषय कशासाठी आहे हे मुलांना कधी कळले नाही आणि सहकाऱ्यांना कळून घ्यायचे नव्हते, म्हणून इथे सांगते. जमाखर्च, कर आणि कंपनी कायदा शिकून बाहेर पडणाऱ्या मुलाला चार वाक्ये एकापुढे एक नीट मांडता यावीत, असे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या कुणाला तरी कधी तरी वाटले. मग अर्ज, अहवाल, बातमी, जाहिरात, पाहिलेल्या गोष्टीचे वर्णन असे सगळे एका विषयात घालून तो तिसऱ्या वर्षाला लावण्यात आला. मुले तो आनंदाने घेत. मराठीच आहे, त्यात शिकण्यासारखे काय असणार, असा सर्वांचा विश्वास होता. आपल्याला मराठी येते ही खात्री पुण्यात जन्मदाखल्याबरोबरच मिळते.

यातली मोठी परीक्षा बाहेरची, आणि वीस गुण अंतर्गत. अंतर्गत म्हणजे मुलांनी वर्षभरात जे लिहून दिले ते वाचून वर्गावरच्या शिक्षकाने द्यायचे गुण. हा झाला नियम. रिवाज वेगळा होता. रिवाजाप्रमाणे अंतर्गत गुण हा प्रसाद असतो, हात पुढे करणाऱ्याला नाही म्हणायचे नसते. मुलगा वर्गात दिसला असेल तर सतरा, दिसला नसेल पण निदान भेटायला आला तर सोळा, शिक्षकदिनाला गुलाब घेऊन आला तर अठरा. पंधराच्या खालचे आकडे अंतर्गत गुणांच्या कामी येत नसत.

मी मात्र वाचून गुण देत असे. यात शौर्य वगैरे काही नव्हते, दुसरी पद्धत मला सुचली नाही. नुसतेच लिहिले असेल तर सात, बरे लिहिले असेल तर दहा, वाचताना मी घड्याळाकडे पाहिले नाही तर बारा. त्यामुळे दरवर्षी जूनमध्ये जुनी मुले नव्या मुलांना कॅन्टीनमध्ये बसवून माझ्याविषयी सावध करत. कंजूष हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द होता. मला तो आवडायचा. आपल्या हातून काही तरी जपून खर्च होते आहे, असे वाटायचे.

मुलांच्या अपेक्षा साध्या असत. किती मार्कांना किती लिहायचे, हा पहिला प्रश्न. मी म्हणायची, सांगून होईपर्यंत लिहायचे. यावर मुले माझ्याकडे दयेने पाहत आणि शेजारच्या वर्गातून दर गुणाला किती ओळी हा भाव विचारून येत. दुसरा प्रश्न, मुद्दे ठळक केले तर चालतील का. एका मुलीने घरासमोरच्या रस्त्याचे वर्णन प्रस्तावना, फायदे, तोटे आणि उपसंहार अशा चार मथळ्यांखाली लिहिले होते. रस्त्याचे तोटे या मथळ्याखाली तिने 'धूळ' एवढेच लिहिले होते. खरे तर तिच्या पूर्ण लेखात तेवढेच पाहिलेले होते आणि त्याचेच गुण मी तिला दिले.

पालकही येत. सहकारनगरचे एक निवृत्त हिशेबतपासनीस मुलीचा पेपर घेऊन आले होते. प्रश्नात चार कारणे विचारली होती आणि मुलीने सहा लिहिली होती. त्यांचे म्हणणे असे की, कमी लिहिले तर तुम्ही गुण कापता, तर न्यायाने जास्त लिहिल्यावर वाढवायला हवेत. मी म्हटले, जास्तीची दोन कारणे परत देते, घरी घेऊन जा. ते गृहस्थ रागावले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारले, अर्धा तरी. अर्ध्या गुणासाठी माणूस पुण्याच्या उन्हात सहकारनगरहून दुचाकीवर येऊ शकतो, हे मला तेव्हा समजले.

आणि तो संकेत. नोकरीला लागले त्या सुमारास एका मुलाने सहलीचे वर्णन लिहून दिले. मित्र खडकवासल्याला गेले, भाजलेली कणसे खाल्ली, संकेत नावाचा मित्र पाण्याच्या कडेला पाय घसरून पडला, सगळ्यांनी त्याला ओढून काढले, सूर्य अस्ताला जात होता. मला तो निबंध आवडला, म्हणून दहा दिले. ही बातमी पसरली. पुढच्या वर्षी संकेत दोन निबंधांत पडला. नंतर तो दरवर्षी पडतच राहिला. कधी कणसांऐवजी भजी असत, कधी सूर्याऐवजी ढग, पण संकेतची सुटका नव्हती. मी समासात लिहायची, 'याला पोहायला शिकवा.' मुलांना वाटे, हा शेरा चांगला आहे.

अलीकडे संकेत पडायचा थांबला. मुलांच्या मोबाइलमध्ये निबंध लिहून देणारे यंत्र आले आणि सगळ्यांची भाषा एका आठवड्यात सुधारली. प्रत्येक निबंध 'आजच्या धकाधकीच्या युगात' सुरू होऊ लागला आणि 'काळाची गरज आहे' इथे संपू लागला. कुणी पडेना, कुणी भिजेना, कणसे कुणी खाईना. मी सात देऊ लागले, तेव्हा एक मुलगा तक्रार घेऊन आला. मॅडम, यात मिस्टेक कुठे आहे ते दाखवा. मी दाखवू शकले नाही. एकही चूक नव्हती. मी म्हटले, यात तूही कुठे नाहीस. तो म्हणाला, पण सिलॅबसमध्ये तसं कुठे लिहिलंय. आणि तसे लिहिलेले नव्हते, हेही खरे. संकेतवर मी इतकी वर्षे चिडले, पण त्याला निदान कोणी तरी एकाने एकदा पडताना पाहिले होते. त्याची मला आठवण येते, हे मान्य करायला हरकत नाही.

अशा दिवसांत, माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी, प्रज्ञा गायकवाडचा कागद माझ्या हाती आला.

प्रज्ञा येरवड्याची. वर्गात तिसऱ्या बाकावर भिंतीकडे बसायची, प्रश्न विचारायची नाही, पण लक्ष असायचे. मी सांगितले होते, घराजवळ रोज दिसणारी एक गोष्ट लिहून आणा. बाकीच्या वर्गाने वाहतूक कोंडी लिहून आणली. प्रज्ञाने तुरुंगाबाहेरची भेटीची रांग लिहून आणली. कैद्यांना भेटायला आलेली माणसे सकाळपासून उभी असतात. आत नेता येत नाही ते सगळे समोरच्या चहावाल्याकडे ठेवतात, आणि कुणाची पिशवी कोणती हे त्याला तोंडाकडे पाहून कळते. बायका चांगली साडी नेसून आलेल्या असतात आणि ती चुरगळू नये म्हणून रांगेत बसत नाहीत. एक आई मुलाकडून पाठ करून घेत होती, बाबांना सांग, माझा पहिला नंबर आला. मुलगा म्हणत होता, पण नाही आला ना. आई म्हणाली, एवढ्याशा वेळात कोण तपासतंय.

हे वाचून मी कागद खाली ठेवला आणि स्टाफरूममध्ये एकटीच होते तरी मोठ्याने 'अरे वा' म्हटले. मला फार आनंद झाला. शिपायाला चहा आणायला सांगितला आणि तो येईपर्यंत पुन्हा वाचले. मग वीसपैकी सतरा दिले. इतके मी कधीच कुणाला दिले नव्हते. त्या वर्षी वर्गात तिच्या खालोखाल एकाला तेरा होते आणि बाकीचा वर्ग सात ते अकरा यांच्यात सुखाने राहत होता.

या सतरांवर तिच्या घरी काय अवलंबून आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हते. ते असे होते. प्रज्ञाला पदवीनंतर पत्रकारितेला जायचे होते. तिचे वडील सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होते आणि त्यांनी तिच्यासाठी बँकेच्या परीक्षांचा क्लास पाहून ठेवला होता. बरेच दिवस वाद झाला. शेवटी वडील म्हणाले, तुला लिहिता येतं हे तू म्हणून चालणार नाही, तुझ्या मैत्रिणी म्हणूनही चालणार नाही. त्या मॅडमनी म्हटलं तर मी मानेन. मला मान मिळण्याचे कारण प्रज्ञाचा मोठा भाऊ निखिल होता. काही वर्षांपूर्वी तो माझ्याच वर्गात होता आणि मी त्याला आठ दिले होते. बाकी सगळ्या विषयांत अंतर्गत अठरा, माझ्याकडे आठ. ते आठ त्या घरात अजून बोलले जात होते. वडिलांचे म्हणणे, जी बाई आठ देते तिचे गुण खरे. तेव्हा अट ठरली. माझ्या विषयात प्रज्ञा वर्गात वर आली तर पत्रकारिता, नाही तर बँक.

आता कॉलेजकडे येते. दरवर्षी अंतर्गत गुण पाठवण्याआधी एक समिती बसे. तिचे काम सगळ्या विषयांच्या गुणांचे समानीकरण करणे, म्हणजे माझ्या विषयाचे गुण इतरांच्या बरोबरीला आणणे. आधीच्या प्राचार्यांना माझा विक्षिप्तपणा चालत असे, त्यामुळे समिती माझ्या गुणांना हात लावत नसे. त्या वर्षी उपप्राचार्य देवधर सरांनी मला बोलावून घेतले. सर अत्यंत सुसंस्कृत गृहस्थ. त्यांनी मला आधी पाणी दिले. मग म्हणाले, इतर विषयांची सरासरी पाहता आपला विषय जगातला सर्वांत अवघड विषय ठरतो आहे, आणि तसा तो नसावा. मुले शेजारच्या कॉलेजात जातील, मग आपण कुणाला नापास करणार, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. मी म्हटले, मी काही वाढवणार नाही. सर म्हणाले, आपण कशाला, समिती आहे ना.

समितीने काम पटकन संपवले. पंधराच्या आत ज्यांचे गुण होते त्या सर्वांना सरसकट अठरा देण्यात आले, कारण त्यांना मदतीची गरज होती. पंधराच्या वर एकच नाव होते. तिला मदतीची गरज नसल्याने तिचे गुण होते तसे ठेवण्यात आले. सगळ्या ज्येष्ठ प्राध्यापकांचे पासवर्ड कार्यालयातल्या एका लिपिकाला तोंडपाठ असत, आमच्यापैकी कुणालाच ते संगणकाचे प्रकरण झेपत नसल्याने. त्याने विद्यापीठाच्या संकेतस्थळावर माझ्या नावाने जाऊन गुण भरले आणि यादी बंद केली. अशा रीतीने माझ्या कारकिर्दीतला सर्वांत चांगला निबंध लिहिणारी मुलगी वर्गात शेवटची आली. यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता. समितीतल्या एकालाही ते दिसले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही दिसले नाही. मी यादी उघडून पाहिलीच नव्हती.

यादी लागल्यावर प्रज्ञा दोन दिवस वाट पाहून मग आली. स्टाफरूमच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, मी वर्गात शेवटची आहे का?"

मी म्हटले, "वेडी आहेस का? पहिली आहेस."

"मग शेवटी का आहे?"

तिने मोबाइल पुढे केला. सगळीकडे अठरा आणि एका ठिकाणी सतरा. तिच्या आळीतला साहिल नावाचा मुलगा, ज्याने वर्षभरात एकच कागद दिला होता आणि तोही यंत्राचा, त्यालाही अठरा. साहिलच्या आईने तिच्या आईला पेढे दिले होते. मग तिने मला घरातली अट सांगितली. रडली नाही. क्लासची पहिली बॅच सोमवारी सुरू होतेय आणि पप्पा म्हणतात आता विषय संपला, एवढेच सांगितले. मला राग आला. आधी समितीचा, मग त्या लिपिकाचा, आणि मग कुणाचा ते ठरवता येईना.

मी तडक देवधर सरांकडे गेले. सर मीटिंगमध्ये होते. मी बाहेर, स्टाफरूम आणि त्यांची खोली यांच्यामधल्या बाकावर बसले. त्याच बाकावर आजवर कितीएक मुले माझी वाट पाहत बसली होती, आणि तो बाक बसायला किती वाईट आहे हे मला त्या दिवशी कळले. सर आल्यावर मी उभी राहिले. ज्या बाईने जन्मात अर्धा गुण वाढवला नव्हता, ती म्हणाली, सर, एका मुलीचे दोन गुण वाढवता आले तर बघा ना. वाक्याच्या शेवटी 'प्लीज'ही म्हटले. मुलांकडून इतकी वर्षे ऐकून ते वाक्य मला आयते येत होते.

सर म्हणाले, "अहो, असे कसे वाढवता येतील? गुण म्हणजे गुण."

हे वाक्य माझे होते. याच स्वरात, याच कॉरिडॉरमध्ये मी ते शेकडो वेळा म्हटले होते. सरांना ते बहुधा ठाऊक होते, कारण त्यांनी लगेच मला पुन्हा पाणी दिले. यादी बंद झाली होती, ती उघडायची तर विद्यापीठात अर्ज, आणि त्या अर्जात इतर सर्वांचे गुण का वाढवले याचे कारण द्यावे लागले असते. ते कारण लिहिण्याइतके लेखनकौशल्य कॉलेजात कुणाकडे नव्हते. माझ्याकडेही नव्हते. मी प्रज्ञाला सांगितले, शनिवारी वडिलांना घेऊन ये.

शनिवारी गायकवाड आले. सोबत प्रज्ञा होती आणि निखिलही होता, कारण गाडी त्याची होती. निखिल आता वाघोलीच्या एका गोदामात सुपरवायझर आहे. तो माझ्यासमोर बसायला तयार नव्हता, भिंतीला टेकून उभा राहिला. गायकवाड खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसले. शर्टाच्या खिशाला पेन, हातात कापडी पिशवी, बोलणे हळू. मी त्यांना सगळे सांगितले, समिती, अठरा आणि पंधराची मर्यादा. त्यांनी मध्ये एकदाही तोडले नाही. कचेरीतला माणूस, कागद कसा फिरतो हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही.

शेवटी ते म्हणाले, "मॅडम, आपण म्हणता हिचे सतरा खरे आणि बाकीच्यांचे अठरा देऊ केलेले. पण त्या अठरांखालीही नाव आपलंच आहे."

मी म्हटले, नाव माझे आहे, गुण माझे नाहीत. ते म्हणाले, आमच्याकडे ज्याचं नाव त्याचा कागद. मी कपाटातून प्रज्ञाचा निबंध काढला आणि त्यांच्यापुढे धरला. म्हटले, हे वाचा, मग माझ्या शब्दाची गरज पडणार नाही. त्यांनी हात पुढे केला नाही.

"मला वाचून काय कळणार? मुलगी माझी आहे. मला ते चांगलंच वाटणार. म्हणून तर मार्क लागतात, मॅडम." मग म्हणाले, "माझ्या वडिलांना सही यायची, तेवढंच. मी विहाराच्या अभ्यासिकेत बसून परीक्षा दिल्या. ती पण तिथेच बसते. आम्हाला कुणी, तुम्ही हुशार दिसता, या, असं म्हणून खुर्ची दिली नाही. मार्क दाखवले तेव्हा दिली. तुम्ही लोक म्हणता मार्कांचं काय एवढं. आमच्याकडे दाखवायला दुसरं काही नव्हतं."

मी मार्क मार्क करणाऱ्यांची आयुष्यभर चेष्टा केली. या लेखाच्या पहिल्या अर्ध्या भागात आपण ती वाचली असेलच. त्या दिवशी त्या खोलीत मला एकही चेष्टा सुचली नाही. हा माणूस माझ्याकडे गुण वाढवून मागायला आला नव्हता. गुणाला किंमत असावी एवढेच त्याला हवे होते, आणि नेमके तेच माझ्याकडे शिल्लक नव्हते.

गायकवाडांनी भिंतीकडे पाहिले. "या निखिलला आपण आठ दिले होते. त्याने आज तोच कागद आणून दिला तर किती द्याल?"

निखिल म्हणाला, "पप्पा, कशाला?"

मला प्रश्न कळला. निखिलने तेव्हा सोसायटीच्या सभेचा वृत्तान्त लिहिला होता. दहा म्हटले असते तर निखिलचा इतक्या वर्षांचा सल गेला असता, गायकवाडांच्या घरी माझ्याविषयी बरे बोलले गेले असते, आणि माझे काहीच गेले नसते, मी तर त्या मेमध्ये निवृत्त होणार होते. प्रज्ञा खाली बघत होती.

मी म्हटले, "सात. एक जास्त गेला होता. अक्षर चांगलं होतं म्हणून."

निखिल हसायला लागला. आधी तोंडातल्या तोंडात आणि मग मोकळा. "पप्पा, मॅडम सेम आहेत. काही चेंज नाही," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसला. गायकवाड हसले नाहीत, पण खुर्चीत मागे सरकून नीट बसले.

"मग हिचे तीन कशाचे कापले?" त्यांनी विचारले, आणि माझा चेहरा पाहून पुढे म्हणाले, "वाढवा म्हणत नाही. कशाचे ते सांगा, म्हणजे तिला कळेल."

माझ्या सगळ्या नोकरीत हा प्रश्न असा मला कुणी विचारला नव्हता. कशाचे कापले असे शेकडो जणांनी विचारले, पण ते परत मागण्यासाठी. मी निबंधाचे शेवटचे पान उघडले. शेवटचा परिच्छेद असा होता: 'अशा प्रकारे गुन्हेगारी ही समाजाला लागलेली कीड असून तरुण पिढीने वेळीच सावध होणे आवश्यक आहे.' मी म्हटले, हे तिचे नाही. ज्या मुलीने त्या आईला पोराकडून पाठ करून घेताना पाहिले, ती त्या रांगेकडे बघून कीड म्हणणार नाही. शेवटी मोबाइलवरून उतरवलेले दिसते, त्याचे तीन गेले.

प्रज्ञा म्हणाली, "मोबाइलचं नाहीये, मॅडम." आणि वडिलांकडे पाहिले.

गायकवाडांनी आता हात पुढे केला आणि कागद घेतला. तो परिच्छेद वाचला. चष्मा काढून पुसला आणि परत वाचला.

"हे मी सांगितलं होतं," ते म्हणाले. "म्हटलं, नुसतं बघितलेलं लिहून कोण मार्क देतंय. शेवटी काही तरी संदेश पाहिजे. ती नको म्हणत होती."

मग त्यांनी पान उलटून पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. ओळीखाली बोट धरून, सावकाश. चहावाल्यापाशी थांबले, म्हणाले, "हा तर आपला बाबूराव." बाहेर कोणत्या तरी तासाची घंटा झाली. त्या आईच्या आणि मुलाच्या जागी त्यांचे बोट बराच वेळ थांबले होते.

वाचून झाल्यावर त्यांनी कागद नीट घडीवर घडी घालून मला परत दिला.

"त्या शेवटच्या परिच्छेदाला तीन होते?"

"हो."

"मिळाले किती?"

"शून्य."

ते मनाशी हिशेब करत असावेत. "म्हणजे माझे शून्य," ते म्हणाले, "आणि पोरीला सतरापैकी सतरा."

पैकीच्या पैकी मी जन्मात कुणाला दिले नव्हते, आणि ते दिलेत असे सांगितल्यावर काय म्हणायचे तेही मला ठाऊक नव्हते. मी नुसती मान हलवली. गायकवाड उठले, पिशवी घेतली आणि प्रज्ञाकडे वळले.

"तो तुझ्या पत्रकारितेचा फॉर्म कधीपर्यंत भरायचा आहे?"

"सोमवारपर्यंत."

"मग बसून काय राहिलीस? चल."